ट्रंपेटच्या तोंडाचं बूच

ये, जवळ सरक. तू तिकडं पुण्यात आणि मी इकडं नेकनूरजवळच्या आमच्या वस्तीवर, तरी सरक. हे वाचताना मांडीला मांडी लावून बसलीयस असं समज, म्हणजे मला मधूनमधून टपली मारता येईल. टपली कशाबद्दल, ते तुला ठाऊक आहे. फोनवर पाच फोटू धाडलेस, खाली लिहिलंस की मावशी यातलं कोणतं पाहिजे ते सांग, आणि तू झालीस गडप. मी आपली त्या फोटूंकडं बघत बसले. एक दिसत होतं उलट्या भोवऱ्यासारखं. एकाला पुढं वाटी बसवलेली. एक काळं, गोल, कवठासारखं. एक चकचकीत धातूचं, बुडाशी झाडाच्या सालीसारखी पट्टी गुंडाळलेली. आणि शेवटच्याला वायर होती आणि कानात घालायची बोंडं. आता यातलं ट्रंपेटच्या तोंडात काय जातं आणि माणसाच्या कानात काय जातं, हे मला कुणी सांगायचं? असा प्रश्न टाकून निघून जाऊ नये गं बाई. मोठ्या माणसाला घोर लावू नये.

बरं, लिहायला बसलेच आहे तर पहिल्यापासून सांगते. पुढं जे झालं ते तुला कुणी धड सांगितलेलं नाही, आणि मलाही ते सगळं उमगलंय असं नाही. सांगता सांगता उमगलं तर बघू.

आमचं घर बँडवाल्यांचं, हे तुला माहीत आहे. तुझ्या काकांनी उभी हयात लग्नाच्या वरातीपुढं ट्रंपेट वाजवलं. मग डीजेच्या गाड्या आल्या. मोठमोठे डबे लावून जातात, घरातली भांडी फळीवरून खाली येतात, पण त्या गाडीला कुणी हळू म्हणत नाही. आमची बँड-पार्टी मोडली. पोरगा आणि सून दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. यंदा माजलगावच्या अंगाला आहेत, कारखाना चालू आहे तोवर तिकडंच. नात आमच्याजवळ असते. बारावी झाली. शेंबूड पुसायचं कळत नव्हतं तेव्हापासून आजोबाच्या मांडीवर बसून ट्रंपेट फुंकायची, आता आजोबापेक्षा गोड वाजवते. हे तुझे काका स्वतः म्हणतात, आणि तुझे काका कुणाला चांगलं म्हणणारे नव्हेत.

तर पोलिसांच्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांची भरती असते, त्यात पोरीही जातात, असं तिला कॉलेजात कळलं. पळायचं, गोळा फेकायचं ते असतंच, पण वाद्यही वाजवून दाखवायचं. तिनं फारम भरला. बाप आधी न्हाईच म्हणत होता. त्याच्या मनात यंदा तोडीहून आल्या आल्या तिचं लग्न उरकायचं होतं. आमच्याकडं कसं आहे, जोडपं झालं की तोडीच्या हिशोबात एक कोयता झाला, आणि कोयता झाला की पुढच्या दिवाळीला ती पोर उसाच्या फडात. शेवटी एवढ्यावर आला की ही एक भरती होऊ दे, झाली तर झाली, न्हाई तर मग कुणी मधी बोलायचं न्हाई. असं ठरलं आणि तो बैलगाडी घेऊन गेला. म्हणजे बघ, पोरीचं सगळं त्या वाजवण्यावर. रोज वाजवल्याशिवाय ओठ बसत नाही. दोन दिवस सोडलं की ओठ विसरतो, असं ती म्हणते. ओठ विसरतो म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण भाकरी थापणारा हात विसरतो का, विसरत असेल.

आता शेजार सांगते. आमची आणि शेजारची भिंत एकच. पलीकडं आमच्या पार्टीतले ढोलवाले राहतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. हे ट्रंपेटवर आणि ते ढोलावर, अशी जोडी सगळ्या तालुक्यात फिरलेली. आता भाऊजींना लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं घशातच राहतं. त्यांची बाज त्याच भिंतीला लावलेली आहे. त्यांचा मुलगाही तोडीवर. घरात सून आणि ते.

एक दिवस ती सून आली. लई गुणाची पोर आहे, उगं काही बोलायचं म्हणून बोलणारी नाही. उंबऱ्यातच उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, डॉक्टरनं मामंजींना आराम सांगितलाय, पोरीला जरा हळू वाजवायला सांगता का. मी म्हटलं, सांगते की. ती गेल्यावर नातीला सांगितलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणे, आज्जे, ट्रंपेट हळू म्हणजे कसं? म्हटलं, कसं म्हणजे, हळू फुंकायचं. ती म्हणे हळू फुंकलं की सूर पडतो. आता हे मला पटेना. हयातभर मी त्या वाजाशेजारी स्वयंपाक केला, पण तो मोठाच वाजतो, हळू वाजतच नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. गिऱ्हाईक सदा म्हणायचं, अजून जोरात. हळू वाजवा म्हणणारं पहिलं माणूस त्या दिवशी आमच्या उंबऱ्यात उभं राहिलं.

रानात जाऊन वाजव म्हटलं. दोन-चारदा गेली. तर कापसातल्या बाया काम सोडून बघायला लागल्या, रस्त्यावरची पोरं मोटारसायकली लावून फोन धरून उभी. तिनं ट्रंपेट ओढणीत गुंडाळलं आणि घरी आली. जेवली नाही. मी परत तिला रानात धाडलं नाही.

तुझे काका असते तर त्यांनी काही तोड काढली असती. पण ते तेव्हा गेवराईला होते, आमच्या लेकीकडं. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं धुळीत जायचं नाही आणि काही म्हणता काही फुंकायचं नाही, डोळ्यावर जोर येतो. आमच्या घरी धूळच धूळ, आणि ट्रंपेट समोर दिसलं की हे फुंकल्याशिवाय राहणारे नाहीत. म्हणून लेक म्हणाली, आबांना इथंच राहू दे. तर घरात आम्ही दोघीच, एक म्हातारी आणि एक पोर, आणि मधी ते ट्रंपेट.

मग मी माझं डोकं चालवलं. माझी जुनी चोळी त्याच्या पुढच्या रुंद तोंडात कोंबली. आवाज आत राहिला खरा, पण वाराही आतच राहिला. पोरीचे गाल फुगले, डोळे तांबारले. मग उशीतला कापूस भरला, तर एका फुंकीला थोडा बाहेर उडाला आणि उरलेला ट्रंपेटच्या घशात जाऊन बसला. तो काढायला तिला तारेचा आकडा घालावा लागला. मग पाण्याच्या बाटलीचं बूड कापून बसवलं. त्यात गांधीलमाशी अडकल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी पोर म्हणाली, आज्जे, तू आता काही करू नको, याचं वेगळं बूच मिळतं, त्याला प्रॅक्टिस म्यूट म्हणतात. तिनं ते कुठंतरी बघितलं होतं. मी म्हटलं, मग एवढे दिवस माझी चोळी का म्हणून घालवलीस? तर म्हणे, ते महाग असतंय.

म्हणून आम्ही बसनं बीडला गेलो. बँडवाल्यांचं सामान मिळतं तिथं एक जुनं दुकान आहे. ढोलाची पानं, झगमगीत टोप्या, खांद्यावरच्या झालरी, सगळं. दुकानदाराला मी सांगितलं, ट्रंपेटचा आवाज बंद करायचं काहीतरी द्या. त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "आजी, माझ्याकडं लोक येतात ते आवाज वाढवायला. बंद करायला आलेल्या तुमी पहिल्याच." शेजारी चहा पीत बसलेला माणूस हसला. मीही हसले, करते काय. मग त्यानं पोरीशी नीट बोलून सांगितलं की बुचं दोन जातीची असतात. एक जात आवाज बदलते, दुसरी आवाज दाबते. दाबणारं पितळेचं मिळेल, पण बाहेरून मागवावं लागेल. त्यानं जी किंमत सांगितली, तेवढ्यात कुणाचं तरी जुनं ट्रंपेट आलं असतं. मी म्हटलं, बूच बाटलीपेक्षा महाग असतं व्हय? तो म्हणाला, असतंय आजी, कवाकवा.

परतीच्या बसमध्ये मी सारखा एकच विचार करत होते. आवाज बदलणं आणि आवाज दाबणं यात फरक काय? सर्दी झाली की माणसाचा आवाज बदलतो आणि दबतोही. आता याचं कुणाला विचारावं? तेव्हा मला तू आठवलीस, शिकलेली भाची. तुला फोन केला आणि तू ते पाच फोटू धाडलेस. पुढचं तुझं तुला माहीत आहे.

तू काही बोलेनास, म्हणून मीच निवडलं. नातीचं मन त्या काळ्या कवठावर होतं. पण भोवरा सगळ्यात स्वस्त होता, आणि मला वाटलं, निमुळतं आहे, बाटलीच्या बुचासारखं घट्ट बसेल. ती म्हणत होती, आज्जे ते न्हाई, ते न्हाई. मी म्हटलं, गप बस, जग मी बघितलंय. फोनवरून मागवलेला डबा घरी आला. तिनं भोवरा आत घातला, फुंकलं, आणि काय सांगू, ट्रंपेट नाकात बोलायला लागलं. हळू तर नाहीच, उलट अशी बारीक, टोकदार किंकाळी की दावणीची शेळी उठून उभी राहिली. भिंतीपलीकडून सून ओरडली, काकू काय झालं? तेव्हा मला दुकानदाराचं म्हणणं कळलं. हे बदलणारं होतं. नातीनं मला दाखवलं: भोवऱ्याच्या अंगाला बुचाच्या लाकडाच्या तीन पट्ट्या होत्या, आणि पट्ट्यांच्या मधून मोकळी जागा. तिथून सगळा आवाज बाहेर. दाबणाऱ्या बुचाला ती पट्टी गोल फिरलेली असते, फटच नसते, आणि वारा जायला फक्त बारीक भोक. आता हे तिला आधीपासून माहीत होतं तर तिनं मला हात धरून थांबवायचं की नाही? ती म्हणे थांबवत होते. असेल.

भोवरा परत गेला आणि कवठ आलं. प्लॅस्टिकचं, हलकं. धातूचं जड असतं, ट्रंपेटचं तोंड खाली ओढतं, हात भरून येतो, आणि महागही. वायरवालं तर आपल्या गावचंच नाही. कवठ तिनं ट्रंपेटच्या तोंडात घालून जरासं फिरवलं, ते कचकन बसलं. मग वाजवलं. मी चुलीपाशी होते. मला वाटलं लांब कुठल्यातरी गावात लग्न आहे आणि मधी दारं लावलेली आहेत. पोरीच्या तोंडावर लई दिवसांनी उजेड दिसला. सकाळ-संध्याकाळ वाजवायला लागली. शेजारून तक्रार नाही, रस्त्यावर गर्दी नाही. मला वाटलं, सुटलं कोडं.

पण मला एक गोष्ट आतून बरी वाटत नव्हती. आमच्या पार्टीत एक रीत आहे. वाजवणारा माणूस गेला की त्याच्या वाद्याचं तोंड बांधतात. ट्रंपेटवाला असेल तर त्याचाच रुमाल ट्रंपेटात घालतात, आणि त्याला नेताना पार्टीतलं कुणीतरी त्या बांधल्या तोंडानं एकदा हळूच वाजवतं. मग तेराव्यापर्यंत ते वाद्य तसंच खुंटीला. माझे सासरे गेले तेव्हा तुझ्या काकांनी वाजवलेलं मी ऐकलंय. तो आवाज आणि या कवठाचा आवाज, खोटं कशाला बोलू, पुष्कळ सारखे. मी नातीला म्हटलं, आबा तिकडं डोळ्याला पट्टी लावून पडलेत आणि तू याचं तोंड बांधतीस, बरं दिसतं का? ती म्हणाली, आज्जे, हे प्लॅस्टिक हाय, रुमाल न्हाई. प्लॅस्टिकला कसली रीत.

मग शेजारच्या सुनेचं काहीतरी बिघडलं. एक दिवस विरजण मागायला आली. विरजण दिलं तर तिचं लक्ष वाटीकडं नाही, माझ्या कपाळाकडं. मी आरशात बघितलं, वाटलं राख लागली असेल. कुंकू होतं, जागेवर होतं. दुसऱ्या दिवशी चाळण मागायला आली. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, काकू बांगड्या नव्या भरल्या का? जुन्याच गं, म्हटलं. बरं बरं, म्हणाली, आणि चाळण न घेताच गेली. मला काही सुधरेना. माझ्या अंगावर हिला काय दिसतंय? मी नातीलाही विचारलं, माझं तोंडबिंड सुजलंय का. ती म्हणे न्हाई.

त्यातच कळलं की भाऊजी भाकरीला तोंड लावेनात. दूध दिलं तर वाटी सारतात. मी भेटायला गेले. मला बघितल्याबरोबर त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. डावा हात कपाळावर मारून घेतला. डोळ्यांतून पाणी. मी विचारलं, भाऊजी काय होतंय? तर घशातून नुसता घरघर आवाज. मी घाबरले. मला वाटलं, त्या दबलेल्या आवाजाचाही त्यांना त्रास होतोय. आजारी माणसाला डास गुणगुणला तरी सोसत नाही, आणि इथं भिंतीपलीकडं कानाला लागून ट्रंपेट.

घरी आले आणि नातीला म्हटलं, आता बंद कर. ते माणूस अन्न सोडून पडलंय. परीक्षा काय, पुन्हा येईल.

तिनं ट्रंपेट मांडीवर घेतलं, रडली नाही. म्हणाली, "मग मी कुठं वाजवू आज्जे? फडात?"

मी भांडी घासायला गेले. पाठीमागं तिनं काय केलं, कवठ ट्रंपेटात घातलं, आतल्या खोलीत गेली, अंगावर दोन गोधड्या घेतल्या आणि त्यांच्या आत बसून वाजवायला लागली. गोधडीचा ढीग हलताना दिसे आणि आतून काहीतरी हुंदक्यासारखं. मी तिला थांबवलं नाही. थांबवायला पाहिजे होतं का वाजवू द्यायला, हे मला तेव्हाही कळलं नाही. एका भिंतीच्या अलीकडं पोरीचा जन्म आणि पलीकडं भाऊजींचा जीव, आणि मी मधी घासणी घेऊन उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून आली ती डोक्यावर पदर घेऊन. खाली बसली, माझा हात घट्ट धरला. डोळे लाल.

"काकू, आता खरं सांगा. काका हायत का?"

"हायत की," मी म्हटलं. "गेवराईला हायत. काल रात्रीच फोन झाला, खिचडीत मीठ कमी म्हणून लेकीवर तडकले होते."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कवठ आलं त्या दिवसापासून भाऊजींना भिंतीतून बांधल्या तोंडाचं ट्रंपेट ऐकू यायला लागलं. ज्या माणसानं आमच्या पार्टीतल्या एकेकाला त्या आवाजावर पोचवलं, त्याला दुसरं काय वाटणार? त्यात हे कितीतरी दिवस दिसले नाहीत, भेटायला आले नाहीत. भाऊजींनी ठरवलं की आपला जोडीदार गेला आणि आपण आजारी म्हणून आपल्याला कुणी सांगत नाही. आजारी माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत, ही तर आपली पद्धतच आहे. सुनेनं म्हटलं, अहो मामंजी, काकूच्या कपाळाला कुंकू आहे, मी डोळ्यानं बघून आले. तर त्यांनी मोडक्या शब्दांत काय सांगावं? "पोरीच्या... परीक्षेपायी... लावून बसली हाय वैनी. सुतक... कळू देत न्हाई."

सून म्हणाली, काकू, मलाही पटायला लागलं होतं. तुमी पोरीसाठी काय बी कराल.

हे ऐकून मला हसावं का रडावं कळेना. दोन्ही झालं. मी जिवंत नवऱ्याचं कुंकू लावून हिंडत होते, आणि भिंतीपलीकडं माझ्या धीराची तारीफ चालली होती.

लगेच गेवराईला फोन लावला. फोन भाऊजींच्या कानाला धरला. हे तिकडून ओरडायला लागले, अरे मी हाय, मी हाय. भाऊजींनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. सुनेला खुणेनं सांगितलं की हा धाकटा भाऊ आहे. माझ्या दिराचा आवाज अगदी यांच्यासारखा, हेही खरंच. आता माणूस जिवंत आहे हे सिद्ध कसं करायचं? मला वाटत होतं सगळ्यात सोपं तेच असतं.

तर हे त्याच दिवशी बसनं आले. लेक नको नको म्हणत होती. डोळ्याला मोठा काळा चष्मा, तोंडाला धुळीसाठी रुमाल. आधी घरी आलेच नाहीत, सरळ शेजारच्या दारात. मी मागं धावत गेले. भाऊजींनी त्या चष्म्याकडं बघितलं, ओळखलं नाही.

"भाकर कावून खाईना झालास बे?" हे म्हणाले. रुमाल खाली ओढला.

भाऊजींचं वाकडं तोंड अजून वाकडं झालं. बराच वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "चष्मा... काढ बे. नट... झालास."

हे बाजेवर बसले. एकानं दुसऱ्याचा हात धरला, तो मेलेला उजवा हात, आणि चोळत बसले. सुनेनं दूध आणलं, भाऊजींनी वाटी रिकामी केली.

नात दारात उभी होती, हातात ट्रंपेट, कवठ आत घातलेलंच. भाऊजींनी तिला खुणावलं. ती जवळ गेली. त्यांनी डाव्या हातानं ते कवठ धरलं आणि असं पिळून उपटलं की करकरलं. अंथरुणावर ठेवून दिलं. म्हणाले, "मोकळं."

सून पुढं झाली, डॉक्टरचं नाव काढलं. त्यांनी तिच्याकडं असं बघितलं की ती तिथंच थांबली. पोरीनं आजोबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी आपली पदर तोंडाला लावून उभी. तिनं वाजवलं. पोलिसांच्या परीक्षेसाठी बसवलेली चालण्याची धून. त्या लहान खोलीत एवढा आवाज. भाऊजींचा डावा हात बाजेच्या लोखंडी पाइपवर ठेका धरायला लागला. मधीच ठेका थांबला. पोरही थांबली. भाऊजी म्हणाले, "पळू... नको." तिनं परत धरलं, आता सावकाश.

आता तू म्हणशील, मावशी, झालं की मग चांगलं. झालं का? मलाच कळत नाही. ज्याच्यासाठी आवाज दाबायचा म्हणून एवढी यातायात केली, त्याला आवाज पाहिजेच होता. आम्ही सगळ्यांनी त्यांना विचारून का नाही घेतलं? तर त्यांना बोलता येत नाही म्हणून. पण बोलता येत नाही म्हणजे सांगता येत नाही असं थोडंच आहे. सुनेनं पुढच्या वेळी बीडच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, त्यांना आवडत असेल तर ऐकू द्या, फक्त कानाशी नको. म्हणजे आधी आराम सांगितला तो आवाजापासून सांगितलाच नव्हता. मग तो आराम कशापासून होता?

आणि कवठ वाया गेलं म्हणावं तर तेही नाही. पोर पहाटेची ते घालूनच वाजवते. दुपारी शेजारी बाजेपासून लांब, दारात बसून मोकळं. तिचं म्हणणं, कवठानं दम वाढतो, वारा आत ढकलावा लागतो ना. तुझे काका म्हणतात त्यानं सूर वर चढतो आणि कान बिघडतो, ते फेकून दे. यावर दोघांची रोज जुंपते. काळा चष्मा लावून हे सूर चढल्याचं बोट वर करून दाखवतात, ती डोळे मिटते. खरं कोणाचं? तिकडं पुण्यात कुणी जाणता असेल तर विचारून ठेव. मी दोघांनाही होय म्हणते आणि चहा टाकते.

पण खरी काळजी आता दुसरीच आहे, आणि एवढं सगळं लिहिलं ते त्याच्यासाठीच. परवा आमच्या ओळखीतले एक मास्तर आले होते. मी म्हटलं, वाजवून दाखव त्यांना. मास्तर खुर्चीवर बसले, तिच्याकडं नुसतं बघत. पोरीचे ओठ सुकले. पहिलाच सूर फाटला. दुसऱ्यांदाही फाटला. पाणी प्यायली, तरी तेच. मास्तर गेल्यावर तीच धून तिनं घडघड वाजवली. म्हणजे आमच्यापुढं, भाऊजींपुढं, गोधडीत, सगळीकडं येतं, फक्त परकं माणूस समोर बसलं की ओठ विसरतो. आणि परीक्षेत समोर परकेच बसणार, तेही खाकीत. दुसऱ्या दिवशी शेळीला चारा घालताना मला एवढंच म्हणाली, आज्जे, आई-बाप कधी येणार गं? कारखाना बंद झाला की, म्हटलं. ती बरं म्हणाली.

तुझ्यापुढं ती बुजते, मला ठाऊक आहे. लहानपणी तू आलीस की माझ्या पाठीमागं लपायची. म्हणून तू ये. शहरातले कपडे घालून ये, तो कडक इस्त्रीचा ड्रेस असतो ना तुझा, तो. आल्या आल्या तिचा मुका घ्यायचा नाही, हसायचं नाही. खुर्ची मांडून देते, समोर बसायचं आणि बघत राहायचं, कितीही सूर फाटू दे. एकदा फाटेल, दहादा फाटेल, मग लागेल. लागला की मग जेवू, बोलू, तुला रागवायचं राहिलंय तेही रागवेन. बीडहून नेकनूरची बस धर, पुढं हे येतात न्यायला. आता यांचे डोळे चांगले दिसतात म्हणतात. रविवारी ये, नाही जमलं तर त्याच्या पुढच्या, पण कारखान्याचा भोंगा बंद होऊन तिचा बाप परतायच्या आत ये.